अण्णांच्या नावाचा मेल

कारखान्याचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या देवश्रीनं भिंतीतली नेटची वायर उपसली आणि मुठीत धरली.

"डोकं फिरलंय का तुमचं?" मॅनेजर उत्तरेश्वर खुर्चीतून ताडकन उठले. "मालकांचा मेल आहे तो! कागदं आत्ता पाठवायची आहेत!"

ईट गावातल्या त्या खवा कारखान्यातल्या एकशे बारा बायांची आधार कार्डं आणि पासबुकं मेलमध्ये मागितली होती. 'अर्ध्या तासात पाठवा. विचारत बसू नका. फोन केलात तर उद्यापासून घरी बसा.' खाली मालकांचं नाव, बाबूराव अण्णा.

"नावावर टिचकी मारून बघा, साहेब. मेलचा पत्ता भलताच हाय."

"असं अण्णांशिवाय दुसरं कोण बोलतंय? माझी नोकरी घालवता का?"

"आन् त्या बायांचं काय? त्यांची कागदं चोराच्या हातात द्यायची?"

तिनं मेल छापून घेतलाच होता. तो कागद आणि वायर घेऊन ती तरातरा मारुतीच्या देवळात गेली. सप्ताह चालू होता. अण्णा टाळकऱ्यांत उभे, डोळे मिटलेले. बुवांचा आवाज असा लागला होता, की एवढ्या संतापातही तिचे हात आपोआप जोडले गेले. गजर संपल्यावर तिनं अण्णांना खूण केली.

ते भुवया चढवूनच बाहेर आले. "कीर्तनातून उठवतीस? कुठं आग लागली?"

"हे तुम्ही पाठवलं?"

अण्णांनी कागदावर नजर टाकली. "म्या? सकाळपासून हातात टाळ हायेत माझ्या!" ते कडाडले. मंडपातली माणसं वळून बघू लागली. "त्या उत्तरेश्वरला अक्कल न्हाय? दोन पावलांवर देऊळ. येऊन विचारायला काय पाय मोडले व्हते?"

आता देवश्रीचाही तोल गेला. "तुम्हाला विचारायची कुणाची छाती हाय, अण्णा? आपल्या कामावरच्या शारदाबाईंनी रजेचं दुसऱ्यांदा विचारलं, तर तुम्ही त्यांना दोन दिवस गेटाबाहेर उभं केलंत!"

आत बुवांनी पुढची चाल धरली. अण्णा आत गेले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा वाचला, या वेळी ओळ न ओळ. मग गळ्यातले टाळ काढून पायरीवर ठेवले.

"पत्ता सोडला," ते हळूच म्हणाले, "तर बाकी भाषा सगळी माझीच हाय, पोरी."