घरपणाचा वास

नवरा-बायकोचं वेगळं व्हायचं ठरलं होतं, आता फक्त घराला गिऱ्हाईक मिळायचं राहिलं होतं. दलालाने नवऱ्याला बजावलं, "लोक यायच्या आधी सफरचंदाचा रस दालचिनी, लवंग घालून मंद आचेवर ठेवा. दारातच घरपणाचा वास आला की भिंतीची ओल कुणी बघत नाही."

त्याने जन्मात पहिल्यांदा सफरचंदं किसली, फडक्यातून पिळली. दालचिनी कुठल्या डब्यात असते, ते मात्र बायकोला विचारावं लागलं. कित्येक दिवसांत दोघांत झालेलं ते पहिलंच बोलणं.

घर बघायला आलेलं नवं जोडपं त्या वासाने इतकं विरघळलं, की ओल आलेल्या भिंतीलाच टेकून उभं राहिलं.

"असं घर सोडवतं तरी कसं तुम्हाला?" त्यातल्या मुलीने विचारलं.

"जागा अपुरी पडते हो दोघांना," दलालाने वेळ मारून नेली.

सौदा ठरवून मंडळी गेली. नवऱ्याने गॅस बंद केला आणि उरलेला गरम रस दोन कपांत ओतला. बायकोने सावकाश कप संपवला.

"इतक्या वर्षांत असं काही कधी केलं नाहीस," ती म्हणाली.

त्याने मनापासून आठवून पाहिलं.

"अगं, आधी घर विकायचं कुठे होतं?"