खिडकीतली बाई

"घरी कोण कोण असतं?" गळ्यातला मफलर सारखा करत गाइडनं विचारलं.

ही रीत त्यानं टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेतून उचलली होती. तिच्यातला गुप्तहेर, ज्याला चाहते मफलरसाहेब म्हणत, कुठलंही काम हाती घेताना तीन प्रश्न विचारायचा. घरी कोण, काम काय, आणि आठवण कोणाची येते. मालिका बंद पडून वर्षं लोटली होती. तिचं चित्रीकरण जिथे झालं त्या गल्ल्या लोकांना पायी हिंडवून दाखवणं, हाच गाइडचा धंदा होता. सहलीला आलेल्या प्रत्येकाला तो हे तीन प्रश्न विचारी, आणि लोक हौसेनं उत्तरं देत. स्वतःबद्दल बोलायला कोणाला आवडत नाही?

"एकटीच असते," नर्सबाई म्हणाल्या. "नर्स होते, आता निवृत्त झाले. आईची आठवण येते. गेल्या वर्षी गेली. तिची खोली अजून तशीच ठेवलीय."

गाइड हळहळला. त्यानं त्यांना सगळ्यांच्या पुढे, आपल्या शेजारी घेतलं.

आधी न्हाव्याचं दुकान झालं. इथल्या आरशात मफलरसाहेबांनी खुनी ओळखला होता. न्हावी बिचारा गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासून फोटोसाठी थांबला. मग पुलाखालची पायवाट झाली. तिथे एका जाड्या गृहस्थानं पाठलागाचा प्रसंग करून दाखवला आणि त्याला धाप लागली. नर्सबाईंनी सवयीनं त्याची नाडी पाहिली. गाइड ते लक्ष देऊन बघत होता.

शेवटी सगळे एका अरुंद गल्लीत आले.

"ही ती खिडकी," गाइड म्हणाला. "डांबून ठेवलेली म्हातारी इथून ओरडत होती. येणारेजाणारे म्हणाले, वेडी आहे. एकानं मात्र तिचं ऐकलं."

"मफलरसाहेबांनी," सगळे एका सुरात म्हणाले.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. एक म्हातारी गजांना धरून उभी होती.

"मला बाहेर काढा हो," ती म्हणाली. "सून दाराला कुलूप लावते. पोटात अन्नाचा कण नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"कामाला ठेवलीय आम्ही," गाइड हसून म्हणाला. "ती इथेच राहते, सुनेबरोबर. बरं करते ना?"

बरंच करत होती. नर्सबाईंना मात्र टाळी वाजवता येईना. म्हातारीचे ओठ सुकून पांढरे पडले होते. हात थरथरत होते, आणि ती थरथर उसनी नव्हती. उपाशी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. शिवाय म्हातारीची नजर बोलताबोलता सारखी गाइडकडे जात होती. मालकाला घाबरलेल्या माणसाची नजर अशीच असते, असं त्यांना वाटलं.

"ही बाई नाटक करत नाहीये," त्या म्हणाल्या.

"बाई, अहो, तिचं कामच आहे ते."

"मला वर जायचंय."

"लोकांच्या घरात असं शिरता येत नाही. माझ्या पोटावर पाय आणू नका."

नर्सबाई जिना चढू लागल्या होत्या. त्यांना भयंकर संताप आला होता. मागून जाडा गृहस्थ "शाबास, मफलरबाई" म्हणाला आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

दाराला बाहेरून खरंच कुलूप होतं. समोरच्या खोलीतून सून किल्ली घेऊन आली.

"तुम्हाला काय करायचंय?" ती म्हणाली. "सांभाळायला आम्ही आहोत."

"उपाशी ठेवून? नवरा कुठे आहे तुमचा?"

"कामावर. त्याला सवड नसते."

"मग मी पोलिसांना बोलावते."

"पोलीस कशाला?" सुनेचा आवाज एकदम मवाळ झाला. "एवढा पुळका आलाय तर न्या घरी. बघा चार दिवस सांभाळून."

नर्सबाईंना आईची खोली आठवली.

"नेते," त्या म्हणाल्या.

सुनेनं कुलूप काढलं, आत गेली आणि लगेच एक फुगलेली बॅग आणून उंबऱ्याबाहेर ठेवली. म्हातारीला पायात चपलासुद्धा धड घालता येत नव्हत्या. नर्सबाईंनी तिला जवळजवळ उचलूनच खाली आणलं. आता कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. जाड्या गृहस्थानं मान खाली घातली होती.

गाइडचा चेहरा पडला होता. "मला काहीच कल्पना नव्हती, बाई," तो म्हणाला, आणि स्वतः धावत जाऊन टॅक्सी घेऊन आला. बॅग त्यानंच आत ठेवली, दार लावलं आणि हात जोडले. म्हातारी मोठमोठ्यानं रडत होती.

टॅक्सी मोठ्या रस्त्याला लागली. नर्सबाईंनी पर्समधली बिस्किटं काढून तिच्या हातात दिली.

"आता घाबरायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सुटलात."

म्हातारीनं रडणं थांबवलं. मागच्या काचेतून नीट पाहून घेतलं. मग पदरानं डोळे पुसले आणि बिस्किटाचा मोठा तुकडा तोडला.

"जमलं ना मला?" तिनं खात खात विचारलं. "काल मुळी जेवूच दिलं नाही त्यानं. म्हणाला, आई, त्याशिवाय खरं वाटत नाही."

"कोणी?"

"माझ्या मुलानं. तो नाही का, तुमचा मफलरवाला गाइड," म्हातारी अभिमानानं म्हणाली. "आजचा खेळ टॅक्सीत बसेपर्यंत करायचा, असं त्यानं बजावलं होतं. चला, वळवा आता गाडी, माझ्यासाठी थांबला असेल तो."