खोक्यावरचं बाळ

लहान मुलांच्या प्रोबायोटिक थेंबांच्या खोक्यावर तिच्या बाळाचा फोटो छापून आला, तेव्हा नातेवाइकांनी तोंडभरून कौतुक केलं होतं. पुढे बाळ तापाने गेलं. दुकानातल्या फळीवर मात्र ते हसतच राहिलं.

"घेऊन जा ताई, पोटाला एकदम चांगले," औषधवाला म्हणाला. "तुमचंही बाळ असंच गुटगुटीत होईल."

"आहेत तेवढी सगळी खोकी द्या."

मग ती दुकानं पालथी घालू लागली. कपाट भरलं, पलंगाखालची जागाही भरली.

"अगं, किती आणशील?" नवऱ्याने रडवेला होऊन विचारलं.

"मग त्याला तिथे परक्यांत ठेवू?"


त्या भागातला खप कंपनीच्या डोळ्यांत भरला, आणि तिच्या खिडकीसमोरच्या चौकात बाळाचा दुमजली फलक उभा राहिला.