दारावरची पाटी

रिसॉर्टच्या काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन कुंदाताईंकडे वळवला. "मॅडम, वरच्या खोल्यांतून नुसता समुद्र दिसतो. पाण्याखालची घ्या, बुडालेलं अख्खं गाव दिसतं. चार नंबरचं घर तर इतकं गोड आहे ना!"

कुंदाताईंनी फोटो पाहिला. घरावर काचेचा घुमट बसवून आतलं पाणी उपसलं होतं. पडवीत टेबलं मांडली होती. चुलीत लाल दिवा लुकलुकत होता. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाश्ता पडवीतच देऊ?"

"पडवीत चढताना पाहुणे चपला काढतात का?"

"छे, तशी सक्ती नाही," मुलगी हसली. "तिथे आता राहतंय कोण?"

"पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आम्हाला सांगितलं, हे गाव वाचवणं माणसाच्या हातात नाही. मग हा मेला घुमट तेव्हा कुठे होता?"

मुलीचं हसू मावळलं. खाली बघत तिने विचारलं, "बुकिंग... कोणत्या नावाने करू?"

"दारावरच्या पाटीवर आहे त्याच. फोटो मोठा कर आणि वाच."