चौदावा गोल

"चौदा आला रं, चौदा आला!"

गल्लीतल्या पोरांचा तो पुकारा हिंदुरावांच्या कानांत अजून ताजा होता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्यांच्या टीमनं एकही सामना जिंकला नाही आणि शेवटच्या सामन्यात गोलकीपर हिंदुरावांनी चौदा गोल खाल्ले. कोल्हापूरसारखं फुटबॉलवेडं गाव, ते कसलं विसरतंय! लग्न होताच त्यांनी नाशिकची नोकरी धरली. गाव सुटलं, पुकारा सुटला नाही. बायकोपाशी, शालनताईंपाशी मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

आज कोल्हापुरात भाच्याच्या लग्नात दोघं शेजारी जेवायला बसली होती. तेवढ्यात जिलेबी वाढायला आलेला जुना दोस्त ओरडला, "अरे चौदा! हाईस व्हय लेका अजून? वहिनी, ह्येच्या पानावर लक्ष ठेवा. ह्यो गडी कायच अडवत न्हाई!"

सगळी पंगत हसली. हिंदुरावांचा घास हातातच राहिला. "अगं, ते कॉलेजातलं..."

शालनताईंनी आपल्या पानातली जिलेबी त्यांच्या पानात ठेवली. "ठाऊक आहे मला. मुलगा लांबून दाखवायला दादानं मला त्या दिवशी मैदानावर नेलं होतं. दहा गोल झाले तसे तुमचे बाकीचे गडी कमरेवर हात ठेवून उभे राहिले. दादा म्हणाला, चल, हे स्थळ नको. पण चौदाव्या गोललासुद्धा तुम्ही अंग झोकून दिलंत. तेव्हाच मी दादाला सांगितलं, आता दुसरं स्थळ बघू नकोस."