चपटी वायर

धाकट्याने पक्कड लावून गालिच्याची कड खिळ्यांवरून सोडवली आणि खालच्या फोममध्ये ब्लेडने चर पाडला. चर एवढाच, की चपटी वायर त्यात जेमतेम बसावी. गोल वायर चटकन टाकून झाली असती. पण गोल वायर पायाला लागते, आणि ही कुणाच्याही पायाला लागून चालणार नव्हती.

"कुणाला कळता कामा नये हं," आतल्या खोलीतून आईने पुन्हा बजावलं. "कळलं की माणसं शहाण्यासारखी बोलायला लागतात. मला साधं बोलणं ऐकायचंय."

आईला आता उठून बसताही येत नव्हतं. ज्या दिवाणखान्यात तिने आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवला, तिथलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. येणारे यायचे, दारातून डोकावून 'बरं वाटतंय ना?' विचारायचे, की झाली यांची विचारपूस. मग बाहेर बसून खुशाल गप्पा. त्यांचं ते हसणं भिंतीतून पुसट यायचं आणि तिला फार लागायचं. म्हणून ही सगळी खटपट. दिव्याच्या शेडमध्ये बोटाएवढा माइक, कपाटामागे जुना ॲम्प्लिफायर, तिथून गालिच्याखालून वायर आणि आईच्या उशाशी एक छोटा स्पीकर.

आतल्या खोलीच्या दारापाशी फोम संपत होता. तिथे चर पाडायला जागाच नव्हती. वायर नुसती टेपने चिकटवून त्याने वरून गालिचा मुठीने ठोकून बसवला. मग दिवाणखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन तो पुटपुटला, "आई, चहा घेणार का?"

"घेईन. आज साखर घाल त्यात, मेल्या."

तो आत आला तेव्हा ती हसत होती. किती दिवसांनी. "आता मला या घरातून तेवढं हलवू नका," ती म्हणाली. "बाकी माझं काही मागणं नाही."

"कोण हलवतंय तुला?" तो म्हणाला, आणि तेव्हा ते अगदी मनापासून म्हणाला.

नीट केलेल्या कामाचं एक वाईट असतं. ते दिसत नाही, म्हणून करणाराही विसरून जातो. रोज सकाळी धाकटा ॲम्प्लिफायरचं बटण दाबायचा, पण ते हाताला पडलेलं वळण. डोकं दुसरीकडेच असायचं. रात्री दोनदा आईची कूस बदलायची, सकाळी तिचं सगळं आवरून कामावर पळायचं, दुपारी शेजारच्या काकूंना फोन करून विचारायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. माणूस पार पिचून गेला होता.

सुट्टीच्या दिवशी थोरला भाऊ आणि वहिनी आली. दारातून डोकावणं झालं. 'बरं वाटतंय ना?' झालं. वहिनीने हलकेच आईच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"एक जागा बघितलीय," थोरला म्हणाला. बोलताना येरझाऱ्या घालायची त्याला सवयच. "अशाच माणसांसाठी आहे. चोवीस तास नर्स असते. बघ बुवा. तू म्हणशील तसं."



"आम्ही न्यायला तयार आहोत हो, भाऊजी," वहिनी म्हणाली, "पण आमच्या घराचे जिने..."

"जिन्यांचं राहू द्या, वहिनी. मलाच आता होत नाही." त्याने चेहरा ओंजळीत घेतला. "परवा रात्री तिने हाक मारली, दादा. मी जागा होतो. आणि तसाच पडून राहिलो. मनात आलं, सुटेल तर बरं. ती पण आणि मी पण."

वहिनीने नजर वळवली. थोरला फिरत फिरत आतल्या दारापाशी पोचला होता. तिथेच थांबून त्याने पायाचा अंगठा गालिच्यावर घासला.

"इथे खाली काय आलंय रे?"

धाकट्याने वर पाहिलं. सकाळी बटण आपणच दाबलं होतं, हे त्याला आत्ता आठवलं. "काही नाही," तो म्हणाला आणि उठला. "मी बोलून येतो तिच्याशी."

आत जाऊन त्याने पाठीमागे दार लावलं. आई टक्क जागी होती.

"तुझं ते खोकं बंद पडलंय वाटतं," ती म्हणाली. "सकाळपासून मुकं आहे."

क्षणभर त्याला इतकं हायसं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली. "बघतो," तो म्हणाला.

"राहू दे. मी काय म्हणते, मला कुठे तरी ठेवता येईल का रे? जिथे दिवसभर चार माणसं असतील अशा ठिकाणी. इथे एकटीला फार कंटाळा येतो बघ." ती छताकडे बघत बोलत होती, आणि आवाज तिचा चांगला खणखणीत होता. "दादाला विचार. त्याच्या ओळखी असतात."

पलंगाच्या कडेवर बसून त्याने तिचा हात हातात घेतला.

उशाशी त्या खोक्यातून वहिनीचा आवाज आला, शेजारी बसून बोलावं इतका स्वच्छ. "विचारलं असेल का हो भाऊजींनी? तयार होतील ना त्या?"

"हळू बोल जरा," थोरल्याचा आवाज म्हणाला. "आत ऐकू जाईल तिला."

धाकटा मान खाली घालून बसला होता. आईने त्याचा हात थोपटला.

"बघ," ती म्हणाली. "एक अक्षर ऐकू येत नाही."