रेंज

मैत्रीला जन्मापासून कमी ऐकू येत होतं. तिच्या कानातल्या मशीनला जोडायचा बिनतारी माईक घ्यायला तिचे बाबा प्रज्ञेश दुकानात गेले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "वर्गापुरता हवा असेल तर हा साधा पुरेल."

"नको, जास्त रेंजचा द्या. बाई मैदानावरून बोलल्या तरी तिला ऐकू आलं पाहिजे."

वारज्याच्या शाळेत सुनीतीबाई तो माईक पदराला लावून शिकवू लागल्या. मैत्री पहिल्यांदाच हात वर करून उत्तरं देऊ लागली.

एकदा मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. "कसं चाललंय त्या मुलीचं?"

"खरं सांगू, सर? तिच्या एकटीपायी सगळा वर्ग खोळंबतो. पुढच्या वर्षी तिला दुसऱ्या शाळेत पाठवा. मला नाही झेपत."

बोलता बोलता त्यांची नजर पदराकडे गेली. माईकचा दिवा चालूच होता.

बाई धावत मैदानात गेल्या. मैत्री नळापाशी एकटीच उभी होती. बाईंनी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "बाई, मी मशीन काढून ठेवलं होतं. मला काहीच ऐकू आलं नाही."